कमरेचे पिस्तूल आणि फलकावरचे पिस्तूल

प्रति,
मा. संपादक,
नाशिक आवृत्ती

विषय : शस्त्र परवानाधारकाने लहान पिस्तूल निवडताना काय पाहावे, आणि सरावाच्या जागेची अडचण

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पिंपळगाव बसवंतला कांद्याची खरेदी करणारे माझे साडू गेल्या महिन्यात पेढे घेऊन घरी आले. पेढे कशाचे, तर शस्त्र परवान्याचे. परवाना मिळाला म्हणून पेढे वाटावेत का, हा प्रश्न मी गिळला, कारण त्यांचा पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. "दादा, दोन-दोन घेण्याची ऐपतही नाही आणि हौसही नाही. कमरेला लावून मार्केट यार्डातून घरी येता येईल आणि रविवारी फलकावर नेमही धरता येईल असे एकच लहान पिस्तूल सांगा." त्यांच्या फोनवर दहा-बारा परदेशी पिस्तुलांची यादी होती आणि त्यातले एकही त्यांना घेता येण्यासारखे नव्हते. हाच प्रश्न या शहरात आणि निफाड-दिंडोरीच्या बाजूला अनेकांना पडत असावा, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. मी सुमारे वीस वर्षे परवानाधारक आहे. त्यातली पहिली तीन वर्षे चुकीचे हत्यार बाळगण्यात गेली, एवढाच माझा या विषयातला अधिकार.

फोनवरच्या यादीचे आधी बोलतो. तिच्यात सर्वांत वर ऑस्ट्रियन ग्लॉक १९ होते. १९८८ साली आलेले हे पिस्तूल 'कॉम्पॅक्ट' या शब्दाचे जगभर मोजमाप मानले जाते. नळी १०२ मिलिमीटर, रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ६०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, १५ काडतुसे. परंतु ते ९ मिलिमीटरचे आहे, आणि आपल्याकडे ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) असल्याने सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ते चढत नाही. परदेशी पिस्तुलांची तुलना करणारे व्हिडिओ कितीही मन लावून पाहिले, तरी नाशिकच्या परवानाधारकाला त्यांतून निवडीपुरते फारसे काही हाती लागत नाही. आपल्या वाट्याला येते ते मुख्यतः .३२ बोअरचे पिस्तूल आणि क्वचित .२२. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, म्हणून 'एक कमरेला आणि एक सरावाला' असे ठरवले तर तिथेच कोटा संपतो. घरात आजोबांची बारा बोअरची बंदूक वारशाने आलेली असेल तर मग एकाच पिस्तुलावर दोन्ही कामे भागवावी लागतात. साडूंची स्थिती नेमकी हीच आहे.

आता .३२ या आकड्यातला घोळ. परवान्यावर '.३२' एवढेच लिहिलेले पाहून माणूस समजतो की .३२चे काडतूस म्हणजे एकच वस्तू. प्रत्यक्षात .३२चे रिव्हॉल्व्हर जे काडतूस घेते ते लांब पुंगळीचे (पुंगळी म्हणजे दारू भरलेली धातूची नळी), आणि .३२चे पिस्तूल जे घेते ते आखूड पुंगळीचे, ७.६५ मिलिमीटर म्हणून ओळखले जाणारे. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. पिस्तुलाचे हे आखूड काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी तयार केले, आणि सव्वाशे वर्षे उलटली तरी आपण त्याच्यावरच विसंबून आहोत. त्याची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास वजनाची, म्हणजे ९ मिलिमीटरच्या मानाने बरीच हलकी, आणि धक्काही सौम्य. काही जण या सौम्यपणाला हसतात. माझ्या मते फलकावर शिकणाऱ्याला हा गुण आहे, आणि ज्याला महिन्यातून एकदाही बार काढायला मिळत नाही अशा परवानाधारकाला तर तो वरदानच आहे. आपल्याकडे ही काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. म्हणजे पिस्तूल कोठलेही असो, त्याच्यात जाणारा माल बहुतेक वेळा आपल्याच घाटावरचा असतो, आणि पिस्तूल निवडताना 'याला खडकीचे काडतूस न अडखळता चालते का' ही पहिली विचारणा असली पाहिजे. दुकानदार बहुधा तिला शेवटचे स्थान देतो.

या काडतुसाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. त्याच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी थांबते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागे ओढून, आपटून, शिव्या देऊन हा अडथळा सुटत नाही. मॅगझिन बाहेर काढून काडतुसे उपसावी लागतात. म्हणून मॅगझिन सावकाश, प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसाच्या पुढच्या अंगाने सरकवत भरावे. नव्या माणसाने ही सवय पिस्तूल घरी आणल्याच्या पहिल्या संध्याकाळी लावून घ्यावी.

माझे पहिले पिस्तूल मी आकाराला भुलून घेतले होते. ते जुने परदेशी, तळहातात मावणारे, सदऱ्याखाली अजिबात न दिसणारे होते. विकणाऱ्याने 'साहेब, खिशात रुमाल ठेवल्यासारखे वाटेल' असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. अडचण ते हातात घेतल्यावर सुरू झाली. मुठीवर माझी दोनच बोटे बसत, करंगळी हवेत लोंबकळत राही. प्रत्येक बाराला पिस्तूल मुठीत फिरत असे आणि मागे येणारी स्लाइड अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात दोन समांतर ओरखडे काढून जाई. पहिल्या दिवशी दहा काडतुसे झाडल्यावर मी हाताला रुमाल बांधून घरी आलो. हा रुमाल मात्र खिशातला नव्हता. तीन वर्षांत मी त्या पिस्तुलातून पन्नासही बार काढले नसतील. माणूस ज्या हत्याराला भितो त्याचा सराव करत नाही, आणि सराव नसलेले हत्यार कमरेला लावणे म्हणजे पोहता येत नसताना गोदेच्या पुरात उतरण्याची तयारी करण्यासारखे आहे.

हलके आणि लहान पिस्तूल जास्त का उसळते याचे कारण त्याच्या रचनेत आहे. .३२ची बहुतेक पिस्तुले सरळ मागे ढकलल्या जाणाऱ्या स्लाइडवर चालतात. नळी सांगाड्याला पक्की असते, कुलूपबंद होणारा कोणताही भाग नसतो, आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत पुंगळीला जागेवर धरून ठेवण्याचे काम केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण करतात. स्लाइड लहान केली की वजन कमी होते, मग स्प्रिंग कडक करावी लागते. परिणामी लहान पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणे मोठ्या पिस्तुलापेक्षा अवघड जाते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. संधिवात असलेल्या माणसाने किंवा नाजूक मनगटाच्या व्यक्तीने दुकानात रिकामे पिस्तूल घेऊन स्लाइड सलग दहा वेळा ओढून पाहावी. सहाव्या-सातव्या वेळेला बोटे घसरू लागली तर ते पिस्तूल आपले नव्हे, मग त्याची चकाकी कितीही असो.

फलकाकडे वळतो. इथे माझी गुरू म्हणजे माझी भाची. ती २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ने खेळते, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात सुवर्ण मिळवले तेव्हापासून आमच्या घरी त्याखेरीज दुसरा विषय नसतो. तिने मला एकदा वहीवर गणित मांडून दाखवले. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर लहान पिस्तुलात साधारण १२ सेंटिमीटर असते. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलात ते नियमाने २२ सेंटिमीटरपर्यंत ठेवता येते. नेम धरताना माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर लहान पिस्तुलाची गोळी २५ मीटरवर वीस सेंटिमीटरहून थोडी जास्त बाजूला जाते, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. त्या फलकावर दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच सेंटिमीटरने बाहेर जाते. म्हणजे एकाच चुकीला तिच्या पिस्तुलात सहा गुण आणि माझ्या पिस्तुलात दोन. मात्र हेच गणित सात मीटरवर केले तर माझ्या पिस्तुलाची चूक सहा सेंटिमीटरच्या आत राहते, आणि स्वसंरक्षणाचा प्रसंग आलाच तर तो सात मीटरच्या आतच येण्याची शक्यता अधिक. तेव्हा कमरेच्या पिस्तुलाची नळी आणि नेमरेषा, म्हणजे माशी आणि खाच यांच्यातले अंतर, आखूड असणे हा त्याचा दोष नाही. त्याला २५ मीटरच्या फलकावर नेऊन दहाची अपेक्षा करणे हा आपला दोष आहे. त्याच्यासाठी फलक दहा मीटरवर लावावा आणि समाधानाने नेम धरावा.

साडूंना मी असेही सांगितले की स्पर्धेत सेंटर फायर नावाचा प्रकार आहे आणि त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरची पिस्तुले चालतात. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. आपले ७.६५चे पिस्तूल मोजमापाने त्यात बसते खरे, पण अशा स्पर्धांत .३२ म्हणून जी पिस्तुले दिसतात ती बहुतेक लांब पुंगळीच्या काडतुसाची असतात. त्या काडतुसाची गोळी पुढून सपाट असते आणि कागदाला पंचिंग मशीनसारखे स्वच्छ गोल भोक पाडते. ती पिस्तुले कमरेला लावायची वस्तू नव्हेत. दोन्ही ठिकाणी '.३२' म्हटले जाते, एवढेच त्यांचे नाते.

मुठीनंतर सर्वांत मोठा प्रश्न चापाचा. २५ मीटरच्या स्पर्धेत चापाचा भार, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान एक किलो असावा लागतो, आणि चांगले नेमबाज तो त्याच्या अगदी जवळ ठेवतात. कमरेच्या पिस्तुलाला एवढा हलका चाप असणे धोक्याचे आहे. उलट, वॉल्थरच्या १९२९च्या पीपी आणि १९३१च्या पीपीके या पिस्तुलांसारखी जी रचना आहे, तिच्यात पहिल्या बारासाठी चाप लांब आणि पाच-सहा किलोच्या भाराने ओढावा लागतो. घोडा एकदा मागे गेला की पुढचे बार बऱ्याच हलक्या ओढीने निघतात. हा भारी पहिला बार कमरेवर सुरक्षित वाटतो, पण फलकावर पहिली गोळी एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे लागते. दोन्ही ओढींची सवय हाताला स्वतंत्रपणे लावावी लागते, आणि महिन्यातून जेमतेम एकदा नेम धरणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून दोन्ही कामांसाठी एकच घ्यायचे असेल तर माझे मत असे, की प्रत्येक बाराला चाप सारखाच येईल, त्याचा भार दोन-अडीच किलोच्या पुढे नसेल, तिन्ही बोटे मुठीवर बसतील आणि सगळे पोलादाचे असेल असे मध्यम आकाराचे पिस्तूल घ्यावे. ते सदऱ्याखाली थोडे फुगेल, पट्टा जाड लागेल, गाडीत बसताना बरगडीला टोचेल. ते सोसावे.

अशा पिस्तुलात सुरक्षेचा विचार जास्त करावा लागतो. जुन्या रचनेच्या अनेक पिस्तुलांत, नळीत काडतूस असताना पिस्तूल जमिनीवर आपटले तर काडतुसाच्या बुडावर आदळून बार काढणारी सुई अडवणारी यंत्रणाच नसते. तिथे केवळ सेफ्टीच्या खटक्यावर भरवसा ठेवू नये आणि नळी रिकामी ठेवूनच पिस्तूल बाळगावे. ऐन वेळी स्लाइड ओढायला एक सेकंद जास्त लागेल, हे मला मान्य आहे. परंतु मार्केट यार्डात पोते उचलायला वाकताना, दुचाकीवर टांग टाकताना किंवा घरी नातवंडांच्या गराड्यात पट्टा काढताना होणारा अपघात हा दरोड्यापेक्षा फार जवळचा धोका आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज तर मी सुशिक्षित घरांतही पाहिला आहे. नळीत राहिलेले एक काडतूस मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही. स्लाइड मागे ओढून, डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून चाचपल्याशिवाय कोणतेही पिस्तूल रिकामे समजू नये.

नवे की जुने, हा वाद आमच्या साडूंनीही काढलाच. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वॉल्थर, बेरेटा, कोल्ट यांची पिस्तुले हातोहात फिरत राहतात आणि त्यांची किंमत त्यांच्या वयाबरोबर वाढत जाते, जणू येवल्याची जुनी पैठणीच. त्यांची घडण सुरेख असते यात शंका नाही. पण घेताना नळीत प्रकाश सोडून आतले आटे पाहावेत, कारण जुन्या काळच्या काडतुसांतल्या क्षारांनी अनेक नळ्या आतून खरवडल्या गेल्या आहेत. मॅगझिन मूळचे आहे की कोणी ठोकून बसवलेले, हे पाहावे. मोठी स्प्रिंग थकलेली असेल तर स्लाइड प्रत्येक बाराला सांगाड्यावर आदळते आणि कालांतराने तो तडकतो. सत्तर वर्षांच्या पिस्तुलाची स्प्रिंग नवी करून घेण्यासाठी लोक हजार रुपयांचा विचार करतात आणि नावासाठी लाखो मोजतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'अशनी' हे .३२चे देशी पिस्तूल कोणाला मिरवण्यासारखे वाटत नाही. ते नवे मिळते, आणि ते आपल्याआधी किती जणांनी कसे वापरले याची चिंता करावी लागत नाही. माझे दुसरे पिस्तूल तेच आहे. त्याच्यावर सुंदर म्हणण्यासारखे काही नाही, पण माझ्या हातून त्याचे इतके बार निघाले आहेत की आता चाप कुठे सुटणार हे बोटाला ठाऊक आहे.

बाळगण्याविषयी दोन गोष्टी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आणि एप्रिलच्या घामात पोलाद फार लवकर तांबूस होते, आणि चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते. घरी आल्यावर पिस्तूल म्यानातून काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून कुलपात ठेवावे. म्यानातच ठेवून दिलेले पिस्तूल पावसाळ्याअखेर नकाशासारखे दिसू लागते. दुसरी गोष्ट अशी, की यात्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा किंवा शिक्षणसंस्थेचे आवार यांत हत्यार नेऊ नये, ही परवान्याची अट आहे. सिंहस्थाच्या शहरात राहणाऱ्याने ती परवान्याच्या पुस्तिकेत स्वतः वाचावी. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, हेही आमच्या भागातल्या काही वऱ्हाडी मंडळींनी लक्षात ठेवलेले बरे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर साडूंनी विचारले, "घेतो तुम्ही म्हणता ते. पण सराव कुठे करू?" इथे मला नीट उत्तर देता आले नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे दुसरे कारण तेच आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये अर्जदाराकडून हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले आहे, ते योग्यच आहे. पण परवान्याची मुदत पाच वर्षांची, आणि एका प्रमाणपत्रावर हात पाच वर्षे तयार राहत नाही. देवळालीला तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे, त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. बंदुकीची शिस्त ठाऊक असलेली इतकी माणसे एका तालुक्यात क्वचितच सापडतील. मात्र सामान्य परवानाधारकाला .३२चे पिस्तूल घेऊन या आवारांत जाता येत नाही, ते साहजिकच आहे. शेतात मागच्या बांधाला फलक लावून नेम धरणारे लोक मला ठाऊक आहेत. गोळी मातीत शिरली की उडून भलतीकडे गेली हे त्यांना कळत नाही, आणि पलीकडच्या द्राक्षबागेत छाटणीला बायाबापड्या असतात.

म्हणून शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, जे परवाना देतात, त्यांनीच महिन्यातून दोन ठरावीक दिवस, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि रीतसर शुल्क घेऊन, परवानाधारकांना दहा आणि पंचवीस मीटरवर सराव करता येईल अशी जागा उपलब्ध करून द्यावी, अशी मी आपल्या स्तंभातून विनंती करतो. काडतुसांचा हिशेब तिथेच नोंदवला जावा आणि नूतनीकरणाच्या वेळी त्या नोंदवहीतला उतारा मागितला जावा. ज्याने पाच वर्षांत एकही दिवस हजेरी लावली नाही, त्याला पिस्तुलाची गरज खरोखर आहे का, हेही मग विचारता येईल. काही परवानाधारक मित्रांना ही सूचना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

साडूंनी तूर्त पिस्तूल घेतलेले नाही. भाचीच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाने, ज्याच्या छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असल्याने परवाना लागत नाही, ते आमच्या गच्चीवर दर शुक्रवारी, पिंपळगावचे लिलाव आटोपून, भिंतीशी लावलेल्या गोळ्या अडवणाऱ्या पेटीवर नेम धरतात. पहिल्या दिवशी चाळीसपैकी अकरा छर्रे फलकाच्या कागदावरच लागले नाहीत. मागच्या शुक्रवारी तीन.

आपला नम्र,
एक परवानाधारक वाचक
गंगापूर रोड, नाशिक